लागली की लावली

सेलूला स्टेशनकडून बाजारात निघालं की डाव्या हाताला एक लांबट खोली लागायची. तिथून दिवसभर टायपिंगच्या मशिनांचा खडखडाट यायचा. तो मनकर्णाबाई खंदारेंचा क्लास. समोरच माझं औषधाचं दुकान, त्यामुळं माझी अर्धी हयात तो आवाज ऐकण्यात गेली.

मनकर्णाबाई मूळच्या टाकळदऱ्याच्या. वालूरच्या पलीकडं, ओढ्याच्या काठावरचं ते गाव. वडील जिनिंगमध्ये गठाणी उचलायचे. पोरगी हुशार म्हणून त्यांनी तिला औरंगाबादला वसतिगृहात ठेवलं. तिथं बी.ए. करता करता ती टायपिंग शिकली आणि गावी परतली. अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं ठरलं आणि मराठवाडाभर वस्त्या पेटल्या, तेव्हा टाकळदऱ्यातली बौद्धांची वस्तीही जळाली. माणसं ओढ्यात उतरून वाचली, घरं गेली. त्यानंतर मनकर्णा आईवडलांना घेऊन सेलूला आली. पुढल्याच वर्षी मनकर्णाबाईंनी औरंगाबादच्या बंद पडलेल्या एका क्लासातून दोन जुनी मशिनं एसटीच्या टपावर टाकून आणली आणि दारावर पाटी लावली.

सरकारी नोकरीला टायपिंगचं सर्टिफिकेट लागायचं, आणि ते शिकवणारं आमच्याकडं दुसरं कुणी नव्हतं. ज्यांच्या घरी बाईंना ओटीवरसुद्धा बसू दिलं नसतं, त्या घरची पोरं त्यांच्या मशिनवर बोटं ठेवून निमूट बसायची. ताल चुकला की बाई लाकडी पट्टी टेबलावर ठोकायच्या. पट्टी माणसावर कधी उचलली नाही. आवाज मात्र खणखणीत. "घाई करायली तू. आधी नीट, मग जलद."

आता कोशाची गोष्ट. ऐंशी साली आमच्या वाचनालयात पुण्याहून गावोगावच्या माहितीचा एक जाडजूड कोश आला. दत्तराव वकिलांनी तो घेऊन पहिल्यांदा काय केलं असेल, तर आपला भाग शोधला. चार ओळी सापडल्या आणि त्यातली एक त्यांना चूक वाटली. ते तिथंच, सगळ्यांच्या देखत म्हणाले, "पुण्याला पत्र लिहीत कुठं बसता? आपला कोश आपणच करू. सेलू, वालूर आणि भोवतालची गावं. प्रत्येकानं आपल्याला ठाऊक असंल ते लिहायचं."

दत्तरावही टाकळदऱ्याचेच, पण गावाच्या दुसऱ्या टोकाचे. तिथं त्यांची मोठी जमीन, इथं कोर्टात वकिली. आडव्या बांध्याचे, मोठ्या आवाजाचे, वादात रमणारे. अठ्ठ्याहत्तर साली त्यांनी नामांतराच्या विरोधात सेलूच्या चौकात उभं राहून भाषण केलेलं सगळ्यांना माहीत होतं. वस्ती जळाली त्या दिवशी ते परभणीला कोर्टात होते. परत आल्यावर त्यांनी वस्तीला छपरासाठी पत्रे पाठवले आणि त्या विषयावर तोंड मिटलं.

कोशाची पद्धत त्यांनी घालून दिली ती अशी. नोंद टाईप करायची, डाव्या बाजूला चांगला रुंद समास सोडायचा, आणि तो कागद महिनाभर वाचनालयात टांगायचा. येणाऱ्या-जाणाऱ्यानं वाचावं, चूक दिसली तर समासात लिहावं. रविवारी दुपारी आम्ही सगळे बसायचं आणि काय ठेवायचं, काय काढायचं ते ठरवायचं. पगार कुणालाच नाही. झाडपाल्याच्या नोंदी माझ्याकडं आल्या. कापूस आणि बाजार बन्सीधर अडत्याकडं गेले. टाईप करायला मात्र माणूस नव्हता.

मग दत्तराव रस्ता ओलांडून मनकर्णाबाईंच्या क्लासात गेले. मी दुकानातून बघत होतो, बोलणं नंतर बाईंकडून कळलं. बाईंनी त्यांना खुर्ची दिली आणि स्वतः उभ्या राहून सगळं ऐकून घेतलं.

"टाईप करते," त्या म्हणाल्या. "पण रविवारच्या बैठकीत मला खुर्ची पाहिजे. नुसता कागद द्यायला न्हाई येणार मी. बोलायला येईन."

दत्तराव खुर्चीत पुढं सरकले. "माझ्याशी भांडाल?"

"चूक दिसली तर भांडेन."

"मग या," दत्तराव म्हणाले. "भांडायला माणूस लागतोच."

पहिलं भांडण दत्तरावांशी झालं नाही, बन्सीधरशी झालं. बन्सीधर मनानं मोकळा, पण आपल्या अडतीचा भारी अभिमान. त्यानं 'सेलूचा कापूस बाजार' या नोंदीत दोन पानं लिहिली होती आणि त्यातलं दीड पान त्याच्या आजोबांच्या सचोटीवर होतं. बाईंनी शब्दही न बदलता ते टाईप केलं. तो त्यांचा नेम होता. मशिनवर बसल्यावर दुसऱ्याच्या मजकुराला हात लावायचा नाही. मग वाचनालयात जाऊन, चार लोकांसारखं पेन काढून, त्यांनी समासात लिहिलं, 'हे कोणी सांगितलं? सांगणाऱ्याचं नाव द्यावं.'

रविवारी बन्सीधर फुरंगटून आला. "मी सांगायलोय ना. आणखी कोण पाहिजे?"

"मग तुमचंच नाव लिहू. 'बन्सीधर सांगतात की त्यांचे आजोबा फार सचोटीचे होते.'"

सगळे हसले. बन्सीधरनं कागद ओढून घेतला आणि ते दीड पान स्वतःच्या हातानं काढून टाकलं. राहिलेलं अर्धं पान मात्र इतकं चोख होतं की पुढं कॉलेजची पोरं ते उतरवून न्यायला लागली. तेव्हापासून नियमच पडला. प्रत्येक माहितीखाली सांगणाऱ्याचं नाव. दत्तरावांनी तो नियम वाचनालयाच्या भिंतीवर लावला.

दोनेक वर्षं असं छान चाललं. लोक बाजाराला आले की वाचनालयात डोकावायचे. कुणी आपल्या गावची जत्रा दुरुस्त करायचं, कुणी नदीचा उतार. मग टाकळदऱ्याची नोंद आली. ती दत्तरावांनी स्वतः लिहिली होती. देऊळ, शाळा, ऊस, गावातले पैलवान, सगळं ऐसपैस. आणि शेवटी एक ओळ, 'गावाच्या पूर्वेस महारवाडा आहे.'

बाईंनी तीही ओळ जशीच्या तशी टाईप केली. कागद टांगला. मग समासात लिहिलं, 'या वस्तीचं नाव भीमनगर आहे.' खाली सही, मनकर्णा खंदारे, भीमनगर, टाकळदरा.

पुढच्या बाजारी कुणीतरी 'भीमनगर' या शब्दावर काट मारून ठेवली. नाव नाही, सही नाही. बाईंनी शब्द पुन्हा लिहिला. पुढच्या बाजारी पुन्हा काट. महिना उलटला तरी कागद उतरवला नाही, असं बरेच आठवडे चाललं. कागदाचा समास काळा झाला. गावात चर्चा झाली. वाचनालयात माणसं पुस्तकं सोडून तोच कागद बघायला यायची. कुणी म्हणायचं वकिलाचे पुतणे असतील, कुणी म्हणायचं वकीलच असतील.

रविवारच्या बैठकीत दत्तराव भडकले. "मी तोंडावर बोलणारा माणूस आहे. चोरून खोडणारा न्हाई. नाव बदलायला माझा विरोध आहे, तो मी उघड सांगतो. कोशात जे आहे ते यावं. पिढ्यान्‌पिढ्या त्या जागेला जे म्हणतात तेच लिहिलंय मी."

"कोण म्हणतात?" बाई म्हणाल्या. "राहणारा म्हणतो का बघणारा म्हणतो? तुमच्या घराचं नाव शेजाऱ्यानं ठेवलं तर चालंल का, वकीलसाहेब?"

दत्तरावांनी मान्य केलं नाही. मिटलं नाहीच.

पुढच्या बाजारी बाईंनी क्लास एका पोरीवर सोपवला आणि सकाळपासून वाचनालयाच्या कोपऱ्यात पेपर धरून बसल्या. दुपारी एक म्हातारा आला. डोक्याला पांढरं पागोटं, हातात बाजाराची पिशवी. त्यानं चष्मा लावला, कागदासमोर उभा राहिला आणि पिशवीतून पेन काढून शांतपणे 'भीमनगर'वर रेघ ओढली.

तो बाईंचा सख्खा चुलता होता, आश्रुबा. छप्पन्न साली दीक्षा घेतल्यावर वस्तीतल्या रात्रशाळेत अक्षर शिकलेला, वस्तीवरच्या बुद्धविहाराची पहिली वीट ठेवलेला माणूस.

"तात्या," बाई पेपर टाकून उठल्या. "तुमी?"

"मीच की," आश्रुबा म्हणाला. तो दचकला नाही. पेन पिशवीत ठेवून बाकावर बसला. "बस, पोरी. सांगतो. भीमनगर नाव आपुनच ठिवलं. मला गोडच हाय ते. पर ह्या कागदावर नुसतं भीमनगर लिवलं की समदं गुळगुळीत झालं बघ. उद्याचं लेकरू वाचल, म्हनल, हां, भीमनगर, पहिल्यापासून असंच आसंल. आमी गावाच्या पूर्वेलाच का? तर वारा पश्चिमेचा. आमच्या अंगावरनं वारा गावात जाऊ नये म्हून आमाला पूर्वेला बसवलं. हे कुनी सांगायचं? घरं जळाली ते कुनी सांगायचं? महारवाडा खोडला की ते बी खोडलं जातंय."

"मग सही का न्हाई केली?"

"पुतनीच्या इरुद्ध नाव कसं लिवू? लोक म्हनले असते, घरातच फूट हाय."

नंतर बाई मला म्हणाल्या, "इतके दिवस मी एका शब्दासाठी भांडत होते. तात्याला अख्खं पान पाहिजे होतं. त्यांचं बरोबर होतं." त्याच दिवशी बाई आश्रुबाला क्लासवर घेऊन आल्या, चहा पाजला आणि तो बोलत गेला तसं टाईप करत गेल्या. मथळा, 'भीमनगर'. खाली आधीचं नाव, ते कुणी ठेवलं, पूर्वेलाच का, पाणी कुठून आणत, दीक्षा, विहार, आणि शेवटी, '१९७८ साली वस्तीला आग लावली गेली.' सांगणारे, आश्रुबा खंदारे.

रविवारी दत्तरावांनी कागद वाचला. वाऱ्याच्या ओळीशी ते थांबले. आपणच लिहिलेल्या 'पूर्वेस' या शब्दाकडं पुन्हा बघितलं. म्हणाले, "हे मला ठाऊक नव्हतं." मग, "मथळा भीमनगरच राहू द्या. हरकत न्हाई." बाईंना वाटलं जिंकलं. पण ते शेवटच्या ओळीवर आले आणि 'लावली'वर पेन्सिल टेकवली.

"लावली न्हाई म्हणता येणार. लागली म्हणा. गुन्हा शाबीत झालेला न्हाई. मी वकील आहे, मला हे माहीत असायला पाहिजे. उगीच अख्ख्या गावाची बदनामी."

"लागली म्हणजे चुलीतून ठिणगी उडाली असं होतं," बाई म्हणाल्या.

"कुणी लावली ते तुम्ही बघितलं का?"

"मी ओढ्यात होते. आईला धरून."

बाईंनी भिंतीवरच्या नियमाकडं बोट केलं. म्हणाल्या, "आपला नियम काय? सांगणाऱ्याचं नाव. तात्याचं नाव खाली हाय. आता 'लागली' म्हणणाऱ्यानं आपलं नाव द्यावं. दोन्ही छापू. पण हे इथं बसून ठरायचं न्हाई. नोंद टाकळदऱ्याची हाय, टाकळदऱ्यात वाचू. लिहिली तुम्ही, तर वाचायचीही तुम्हीच."

दत्तरावांना हे जड गेलं. आठवडाभर ते आमच्याकडं फिरकले नाहीत. मग एका सकाळी दुकानात आले, सर्दीची गोळी घेतली आणि जाता जाता म्हणाले, "बन्सीधरला सांगा, त्याचा ट्रक रविवारी लागंल."

टाकळदऱ्याच्या शाळेच्या पटांगणात अख्खं गाव जमलं. देवळाकडची माणसं एका बाजूला, भीमनगरची दुसऱ्या बाजूला, मध्ये रिकामी जागा. त्या रिकाम्या जागेत टेबल. दत्तराव उभे राहिले आणि वाचायला लागले. कोर्टातला आवाज, कुठं अडखळला नाही. पैलवानांची नावं आली तेव्हा लोक खूश झाले. भीमनगरची नोंद आली तेव्हा कुजबुज थांबली. शेवटच्या ओळीशी दत्तराव थांबले आणि कागद खाली घेतला.

"इथं दोन मतं आहेत. एक, आग लावली. ते आश्रुबा खंदारेंनी सांगितलंय, त्यांचं नाव खाली आहे. दुसरं, आग लागली. हे ज्याचं मत असंल त्यानं पुढं यावं. मी त्याचं नाव लिहून घेतो. पुस्तकात छापून येईल."

मागून एक तरुण ओरडला, "वकीलसाहेब, गावाची अब्रू घालवायला आले का?"

"तुझं नाव सांग," दत्तराव शांतपणे म्हणाले. "लागली असं लिहू ना तुझ्या नावापुढं?"

तो तरुण आजूबाजूला बघायला लागला आणि मग खाली बसला. आणखी कुणी उठेना.

तेव्हा देवळाकडच्या बाजूनं एक म्हातारी उठली. दत्तरावांची सख्खी चुलती, सरजाबाई. डोक्यावरचा पदर सारखा करत ती टेबलाशी आली.

"दत्ता, लिव," ती म्हणाली. "लावली. म्या बघितली. माळवद गळायलं होतं म्हून पांढरी माती टाकायला वर चढले होते. दोन दिवसांची झड. आमच्या घरात चूल पेटंना, अन् यांची ओली छपरं आपोआप पेटली म्हनतेत. कशी पेटतील? पोरं आपलीच होती. लिव, गावातल्यांनी लावली."

दत्तरावांनी पेन उचललं. लिहिता लिहिता विचारलं, "गावातल्या काही जणांनी, काकी?"

"हां, काही जणांनी. समदं गाव न्हवतं. ते बी लिव."

आश्रुबा उठून उभा राहिला आणि त्यानं सरजाबाईला हात जोडले. तिनंही जोडले. मनकर्णाबाई माझ्या शेजारी बसल्या होत्या. त्यांनी डोळे पुसले नाहीत, वाहू दिले.

आणि मग जे झालं ते आमच्यापैकी कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. एक कुंभार उठला, म्हणाला, आमच्या आव्याचं काहीच न्हाई का? एक बाई म्हणाली, विहीर पाटलानं न्हाई, वडारांनी खांदली, त्यांचं नाव लिवा. भीमनगरची पोरं म्हणाली, शाळेतला कबड्डीचा संघ अर्धा आमचा होता. मधली रिकामी जागा कधी भरून गेली कळलं नाही. जो तो टेबलाशी येऊन सांगत होता, दुसरा त्याला दुरुस्त करत होता, पहिला म्हणत होता, बरं बाबा, तुझं बी नाव घाल. दत्तरावांचे कागद संपले. मास्तरांनी शाळेच्या वह्यांची पानं फाडून दिली. बाई लिहायला बसल्या, मी बसलो, बन्सीधर बसला. ऊन कलल्यावर ट्रकमध्ये चढलो तेव्हा टाकळदऱ्याची नोंद कोशातली सगळ्यात मोठी नोंद झाली होती.

दत्तराव बाईंना म्हणाले, "तुमच्या बोटांना त्रास होणार आता."

"होऊ द्या," बाई म्हणाल्या. "असा त्रास रोज व्हावा."

हे सगळीकडं पसरलं. गावोगावची माणसं येऊन सांगायला लागली, आमचीबी नोंद आमच्यात येऊन वाचा. पुढची तीन-चार वर्षं आमचे रविवार बन्सीधरच्या ट्रकमध्ये गेले. सगळीकडं टाकळदऱ्यासारखं झालं असं नाही. एका गावात दगड आले, एका गावात चहासुद्धा मिळाला नाही. पण वाचल्याशिवाय एकही नोंद आम्ही सोडली नाही. कुठल्या गावात आत्या, काकी पुढं आल्या, कुठल्या गावात शाळेची पोरं. समास सगळ्यांच्या नावांनी भरून गेले.

कोश परभणीला छापला आणि शहाऐंशी साली गठ्ठे एसटीनं आले. प्रकाशन सेलूत न करता टाकळदऱ्यात करायचं हे दत्तरावांनीच ठरवलं. मुखपृष्ठावर संपादक म्हणून बाईंचं आणि दत्तरावांचं अशी दोन नावं होती, आणि अकारविल्हे लावलं तर दत्तरावांचं आधी येतं म्हणून त्यांनी ते मुद्दाम खाली घ्यायला लावलं होतं.

त्या दिवशी गंमत झाली. गावातल्या जुन्या माणसांना वाटलं, एवढं मोठं काम, वाजतगाजत व्हावं. कुणीतरी सवयीनं आश्रुबाला म्हणालं, हलगी सांगा की तुमच्याकडून. आश्रुबा हसला. म्हणाला, "हलगी आमी छप्पन्न सालीच सोडली. वाजवायची तर तुमी वाजवा. मी बसून ऐकतो." जरा वेळ सगळे अवघडले. मग बन्सीधर पुढं झाला. खतावणीत कापूस लिहिणाऱ्या अडत्यानं जन्मात पहिल्यांदा गळ्यात हलगी अडकवली आणि गठ्ठ्यांच्या पुढं वाजवत निघाला. ताल असा की बैल बुजावेत. आश्रुबा खुर्चीत बसून ऐकत होता आणि मान डोलवत म्हणत होता, "आधी नीट, मग जलद." पुतणीची शिकवण त्याला पाठ होती. हसता हसता लोकांची पुरेवाट झाली. त्या हसण्यातच सरजाबाईनं गठ्ठ्याची सुतळी सोडली आणि पहिली प्रत मनकर्णाबाईंच्या हातात दिली.

विद्यापीठाच्या नावावरून मात्र बाईंचं आणि वकिलांचं कधीच जमलं नाही. मोर्चे निघाले, बाई जाऊन आल्या, दोनदा अटकेतही बसल्या. दत्तराव त्यांना जामिनाचे कागद करून द्यायचे आणि परत येताना रस्ताभर वाद घालायचे. कोशाची दुसरी आवृत्ती दोघं मिळून करतच होते.

चौऱ्याण्णवच्या संक्रांतीला सकाळी विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मिळाल्याची बातमी आली. मी बाईंना पेढा द्यायला गेलो तर दत्तराव आधीच क्लासात बसलेले. हातात काठी, दुसऱ्या हातात तिळगुळाची पुडी. आता थकले होते, आवाज तेवढाच. बाईंनी मशिनवर कागद चढवून विद्यापीठाची नोंद टाईप करून ठेवली होती.

"'नामांतर झाले' असं कसं लिहिता?" दत्तराव म्हणाले. "नामविस्तार झालाय. मराठवाडा शब्द तसाच आहे. सरकारचा शब्द बघा."

"लोकं इतकी वर्षं नामांतरासाठी झगडली, वकीलसाहेब. विस्तारासाठी कुणी तुरुंगात न्हाई गेलं."

"झगडली हे लिहा की. पण झालं काय तेही बरोबर लिहा."

"दोन्ही शब्द घालते. पण नामांतर आधी."

"का म्हणून?"

पोरं टायपिंग थांबवून ऐकायला लागली होती. तेवढ्यात बाहेर घोषणा ऐकू आल्या. रस्ता निळा झाला होता. टाकळदऱ्याहून ट्रक भरून माणसं आली होती, पुढच्या ट्रकवर आश्रुबा, निळा गुलाल पागोट्यापर्यंत. बायका गाणी म्हणत होत्या, लेकरं झेंडे नाचवत होती. बाई उठल्या. पोरांना म्हणाल्या, "आज सुट्टी." दत्तरावांच्या पुढ्यात तो कागद ठेवला.

"मी मिरवणुकीत जाऊन येते. तोवर तुम्ही वाचून ठेवा. आल्यावर बोलू."

दत्तरावांनी तिळगुळाची पुडी त्यांच्या हातावर ठेवली आणि चष्मा लावून पेन्सिल शोधायला लागले. बाई तिळगूळ तोंडात टाकत रस्त्यात उतरल्या. आश्रुबानं ट्रकवरून हात दिला आणि त्यांना वर ओढून घेतलं.